खुर्द्याची गणती

२१ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटखाली पन्नास वर्षे तेवत असलेली अमर जवान ज्योत जवळच्याच राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. ११ नोव्हेंबर, म्हणजे पहिले महायुद्ध थांबल्याचा दिवस, जवळ आला की तो पुन्हा डोके वर काढतो. एक बाजू म्हणते, त्या कमानीवरची तेरा हजारांवर नावे इंग्रजांच्या चाकरीत मेलेल्यांची आहेत, ती गुलामीची खूण आहे, तिच्यापुढे कशाला झुकायचे? दुसरी बाजू म्हणते, ते आपलेच शूर जवान, त्यांना असे बोलणे हा सैन्याचा अपमान आहे. ज्योत हलवली याबद्दल माझी तक्रार नाही. स्वतंत्र भारतासाठी प्राण दिलेल्या पंचवीस हजारांवर सैनिकांची एकेक करून नावे कोरलेली जागा हे तिचे योग्य घर आहे. माझी तक्रार या वादाच्या मांडणीशी आहे. पहिल्या महायुद्धात गेलेली आपली माणसे अभिमानाला पात्र होती की नव्हती, एवढ्यावरच दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. ती माणसे कोण होती, हे मात्र कोणीच विचारत नाही. कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणत्या पलटणीत होता, कुठे आणि कशाने मेला, हे नोंदवणे आपले सार्वजनिक कर्तव्य आहे आणि ते कोणत्याही निवाड्याच्या आधीचे आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला वीर म्हणायचे कशाच्या आधारावर, आणि भाडोत्री तरी कशाच्या?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. लहानपणी आम्ही तिच्याखाली दप्तरे टाकून गोट्या खेळायचो. पाटीवर इंग्रजीत लिहिले आहे की या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. खाली काही नाही. मला वाचता येऊ लागले तेव्हा मी आजोबांना विचारले होते, ते कोण? ते म्हणाले, "बसऱ्याला गेलेले." त्यापलीकडे त्यांनाही माहीत नव्हते. अशा पाट्या साताऱ्यात आहेत, कोकणात आहेत, देशभर आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच: गेले किती, मेले किती. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागले ते तेव्हापासूनच्या परंपरेमुळे. अपशिंग्याचा आकडा निदान लोकांना ठाऊक आहे. बाकीच्या चावड्यांवर दर दिवाळीला चुन्याचा हात फिरतो आणि अक्षरे थोडी थोडी बुजत जातात.

इराकमधल्या 'बसरा' या बंदराचे नाव आपल्या घरांत तसे परके नाही. नथीत बसऱ्याचे मोती असतील तर तो आजही मिरवायचा विषय असतो. पण त्याच बसऱ्याच्या वाटेने पुण्याच्या नावाची एक अख्खी डिव्हिजन गेली, हे किती घरांत सांगितले जाते? सहावी पूना डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात शत-अल-अरब नदीच्या मुखाशी उतरू लागली. पलीकडे अबादानला तेलाचा कारखाना होता आणि इंग्रज सरकारने त्याच वर्षी त्या तेल कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला होता. तेलाची आणि आखाताची राखण करायला गेलेले सैन्य बगदादच्या लोभाने आत आत ढकलले गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनला, तेव्हा तिथे राज्य असलेल्या तुर्कांनी ते अडवले आणि ते माघार घेत तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात येऊन अडकले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी आत होत्या. शेवटी घोडे आणि खेचरे कापून खायची वेळ आली तेव्हा अनेक भारतीय शिपायांनी ते मांस नाकारले. धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, तरीही बरेच दिवस ते ऐकेनात. आज कोणाला हा अडाणीपणा वाटेल. पण परत गेल्यावर भावकी वाळीत टाकेल, पोरीबाळींची लग्ने अडतील, ही भीती त्यांच्या दृष्टीने तुर्की तोफेपेक्षा खरी होती. जिवंत परतलो तर गावातच राहायचे आहे, हा विचार उपाशीपोटीही सुटला नाही. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, माणसे पहाऱ्यावर उभ्याउभ्या कोसळली. वेढा फोडायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, ती वेगळीच. शरण गेलेले सुमारे १३ हजार वाळवंटातून चालत नेले गेले. त्यांतले कित्येक रास अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले आणि हजारो परतलेच नाहीत.

त्यांची आठवण साम्राज्याने कशी ठेवली? १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचे तत्त्व मोठे उदात्त होते: हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाला सारखे स्मारक. फ्रान्समध्ये नव शापेलला ते पाळले गेले. १९२७ साली उघडलेल्या तिथल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र इंग्रज शिपायांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा फक्त पलटणवार आकडा दिला. फ्रान्समध्ये युरोपातले लोक येऊन पाहणार होते. बसऱ्याला कोण पाहणार होते? शतक उलटल्यावर, एप्रिल २०२१ मध्ये, त्या आयोगाच्याच अहवालाने मान्य केले की आफ्रिका आणि आशियातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झाली नाही किंवा स्मरणच झाले नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे त्या बातमीवर दोन दिवस संताप झाला. पण बसऱ्याच्या दगडाने जे केले तेच आमच्या चावडीच्या पाटीने केले आहे, आणि ती पाटी गेली पाऊणशे वर्षे आमच्या ताब्यात आहे.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही माणसे दुसऱ्याच्या देशावर चालून गेली होती. इराकी शेतकऱ्याच्या दृष्टीने गणवेशातला मराठा आणि गणवेशातला इंग्रज यांत फरक नव्हता. १९२० साली इराकी लोक इंग्रजांविरुद्ध उठले तेव्हा तो उठाव मोडायला भारतीय पलटणीच वापरल्या गेल्या. त्याआधी एकच वर्ष, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत डायरच्या हुकुमाने बंदुकीचे चाप ओढणारी बोटे भारतीय उपखंडातल्या आणि नेपाळमधल्या शिपायांचीच होती. हे सगळे खरे आहे. युद्धात गेलेल्याला 'हुतात्मा' म्हणून टाकले की हे सगळे झाकले जाते, या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. परक्याची बंदूक घेऊन तिसऱ्याच्याच भूमीवर गेला, असे पाटीवर लिहावे लागले तर जरूर लिहावे. पण ते लिहायलाही आधी 'कोण गेला' हे लागतेच. नाव पुसून टाकल्याने इराकी शेतकऱ्याला कोणता न्याय मिळतो?

शिवाय 'भाडोत्री' हा शब्द फार घाईने वापरला जातो. शिपायाचा पगार होता महिना अकरा रुपये. माणदेशात, खटावात पाऊस हुकला की अकरा रुपयांची मनीऑर्डर म्हणजे घराची चूल. भरतीसाठी वरून दबाव असे, तो मामलेदारापासून पाटलापर्यंत झिरपत येई. ज्याला जमीन नाही किंवा असून पिकत नाही, त्याच्या निवडीला निवड म्हणायचे तरी किती? आणि त्या काळी साम्राज्याच्या युद्धाला माणसे द्यावीत असे म्हणणारे काय फक्त रावबहादूर होते? १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून रंगरूट मागत होते. टिळकांचाही भरतीला सरसकट विरोध नव्हता. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदे द्या, स्वराज्याचे बोला, मग माणसे देऊ, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिले नाही म्हणून ते सभात्याग करून निघून गेले. या दोघांना त्या भूमिकेपायी आपण गद्दार म्हणत नाही, म्हणूही नये. त्यांचा काळ, त्यांचे डावपेच आपण समजून घेतो. मग हा समजूतदारपणा अकरा रुपयांच्या शिपायाच्या वाट्याला का येत नाही? शहाजीराजांनी निजामशाहीची चाकरी केली, आदिलशाहीची केली, काही काळ मोगलांचीही केली. आपल्या इतिहासाला चाकरी, वतन आणि निष्ठा यांचा गुंता चांगला कळतो. राजांच्या बाबतीत कळतो आणि शिपायाशी आल्यावर कळेनासा होतो, हे मला मान्य नाही.

साम्राज्याने उभारलेला दगड कायम साम्राज्याचाच राहतो, हेही खरे नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी बांधला. पण त्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे महार शिपायांची आहेत. पुढे १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली. ती दारे पुन्हा उघडावीत म्हणून अर्ज लिहिणाऱ्या पेन्शनर सैनिकांना आपल्या बाजूने दाखवायला काय होते? पूर्वजांची ती सेवा आणि ती नावे. १९१७ मध्ये महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा ते कंपनीला मुजरा करायला गेले नव्हते. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्या पूर्वजांनी शस्त्र धरले होते, हे सांगायला गेले होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे या सगळ्या वाटचालीचे बळ होते. त्या स्तंभाच्या अर्थावरून आजही मतभेद आहेत, ते राहतील. पण स्तंभावर फक्त 'इतके शिपाई पडले' एवढेच असते, तर त्या नावांत आपले पूर्वज कोणाला शोधता आले असते का?

शाहू महाराजांनीही तोच मार्ग काहीशा वेगळ्या रीतीने चोखाळला. महायुद्धातल्या मराठ्यांच्या कामगिरीचे भांडवल त्यांनी स्वतःच्या लोकांसाठी वापरले. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली गेली. ज्या राज्यकर्त्यांना शिवाजीच्या नावाने एकेकाळी धडकी भरत होती, त्यांचा युवराज त्याच नावापुढे उभा राहिला. आठवणीचा अर्थ असा पुढच्या पिढ्या घडवतात. मात्र त्यासाठी हाताशी काहीतरी कच्चा माल उरावा लागतो.

आता शौर्यवाल्यांकडे येतो. त्यांचेही एक म्हणणे खरे आहे. शंभर वर्षांच्या उपेक्षेनंतर कोणीतरी 'हे आमचे' म्हणाले, यात मोठी माया आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात जुन्या लढायांची आठवण जपली जाते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावला उभा आहे. पलटणींनी जपले म्हणून एवढे तरी राहिले. पण पदक मिळाले त्यालाच पुतळा, असा नियम झाला की कुतचे काय करायचे? तिथे उपासमार होती, हगवण होती, शरणागती होती आणि बंदिवास होता. शौर्यकथेच्या चौकटीत पराभव बसत नाही, म्हणून तो सांगितलाच जात नाही. खेचरे हाकणारे, पखाली वाहणारे, स्ट्रेचर उचलणारे या चौकटीत येत नाहीत. तुरुंगातून काढून मेसोपोटेमियात हमाली करायला नेलेले कैदी येत नाहीत. आगबोटींच्या पोटात कोळसा ओढणारे खलाशीही येत नाहीत. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या जुन्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक आहे. समुद्र हीच त्यांची कबर. मुंबईत जन्म काढलेल्या किती जणांनी ते पाहिले आहे? अभिमान हा चाळणीसारखा असतो, चमकणारे तेवढे वर ठेवतो. माझा त्याला आक्षेप इतकाच आहे.

आणि रणांगणावर न गेलेल्यांची तर गोष्टच वेगळी. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. युद्धाच्या बोटींची ये-जा चालू होती आणि गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई पहिल्या आजाऱ्यांत होते. पावसाने त्याच वर्षी दगा दिला. सप्टेंबरनंतर दुसरी लाट आली ती रेल्वेच्या रुळांवरून खेडोपाडी शिरली. लोकांनी तिला 'मानमोडी' म्हटले. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले एकमेव दशक आहे ज्यात लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. परदेशात मेलेल्या सुमारे ७४ हजार भारतीय सैनिकांच्या कितीतरी पट माणसे त्या युद्धाच्या सावलीत घरच्या जमिनीवर मेली. त्यांच्यासाठी साधी पाटीही नाही. एक शब्द राहिला होता, मानमोडी, तोही आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून नाहीसा होत चालला आहे.

हा दोष सगळा इंग्रजांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. पानिपत आपल्या भाषेत किती खोल रुतले आहे पाहा. एखाद्याचे पानिपत होते, संक्रांत कोसळते, विश्वास पानिपतात गेलेला असतो. अडीचशेहून अधिक वर्षांनी एखादी लढाई भाषेत जिवंत राहते, हे विलक्षण आहे. पण नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेले ते सावकारी सांकेतिक भाषेतले पत्र आठवा: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे. हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळत उद्धृत केले, त्याच्या घडणीचे कौतुक केले. त्या 'गणती नाही'वर मात्र आपण थांबलो नाही. भाऊसाहेबांचा देह नक्की कोणता, ही शंका राहिली म्हणून पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानले नाही, हे इतिहासाने लिहून ठेवले. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली, त्याचेही कागद आहेत. लाख बांगडी फुटली म्हणतात, त्यांतल्या उरलेल्या बांगड्या कोणाच्या? बसऱ्याच्या बाबतीत आपण पानिपतचीच रीत पुढे चालवली. आकडा इंग्रजांनी दिला, विसरणे आपले आपण केले.

काहीजण म्हणतील, शंभर वर्षांनंतर हे उकरून काय मिळणार? कागद गेले, माणसे गेली, आणि गावाला आज पाण्याची चिंता आहे. चिंता खरी आहे, पण कागद सगळे गेलेले नाहीत. युद्धकबर आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या शोधता येतात. जे नाव बसऱ्याच्या दगडावर नाही ते पुष्कळदा यादीत आहे, बापाच्या आणि गावाच्या नावासह. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेले, एवढे सोसावे लागते. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या भरतीच्या नोंदवह्यांत सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती निघाली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पंजाब्यांच्या एका संस्थेने विद्यापीठाच्या मदतीने ती खुली करायला घेतली आणि लोकांना पणजोबा सापडले. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, पेन्शनीचे जुने कागद घरोघरी ट्रंकांत आहेत, सातबाऱ्यावर वारसाच्या नोंदी आहेत, दक्षिण महाराष्ट्रात वंशावळ सांगणारे हेळवी अजून फिरतात. गावातल्या दोन शिक्षकांनी आणि दहावीच्या मुलांनी एक उन्हाळा दिला तर एका पाटीमागची बहुतेक नावे निघू शकतात. याला ना कोट्यवधीचा निधी लागतो, ना इंडिया गेटवरचा वाद आधी मिटवावा लागतो.

आणि आपल्या गावांना हे काम परके वाटू नये. देवळाबाहेर वीरगळ उभा असतो. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. तो कोणत्या राजाच्या बाजूने लढला हे विचारून कोणी त्याला शेंदूर लावत नाही. त्याचेही नाव बहुधा कोरलेले नाही, पण त्याला निदान चेहरा दिला आहे. संगमरवरी पाटीने तोही दिला नाही.

आमच्या गावात गेल्या वर्षी चावडीची दुरुस्ती निघाली. नव्या फरशीसाठी पाटी काढून मागे ठेवली होती, ती पुन्हा बसवून घेतली. तिच्याखाली दुसरी पाटी लावायची ठरली आहे, मराठीत. पेन्शनीच्या कागदांतून आणि आयोगाच्या यादीतून काही नावे जुळली. एक नाव एका आजींच्या बोलण्यातून मिळाले. त्यांची आजेसासू बसऱ्याला गेलेल्या नवऱ्याचे ना पत्र आले, ना तार, म्हणून कुंकू लावायचे की पुसायचे हे कोणालाही विचारू शकली नाही, आणि मरेपर्यंत लावत राहिली. त्या शिपायाचे नाव कोणत्याच यादीत नाही. आम्ही ते लिहिणार आहोत, पुढे 'घरच्यांच्या सांगण्यावरून' असे स्पष्ट नमूद करून. उरलेल्यांसाठी तितक्याच ओळी कोऱ्या सोडायच्या, हे ग्रामसभेत एकमताने ठरले आहे.